वेगाकडून ठेक्याकडे : मेटॅलिका आणि १९९१चा काळा अल्बम

मेटॅलिका या अमेरिकी बँडचा पाचवा अल्बम १२ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसिद्ध झाला. वेष्टण जवळजवळ संपूर्ण काळे होते. एका कोपऱ्यात बँडचे नाव आणि दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळे घातलेला साप, दोन्ही इतके पुसट की वेष्टण उजेडात तिरके धरल्याशिवाय दिसू नयेत. अल्बमला वेगळे शीर्षकही नव्हते. बँडचे नाव तेच अल्बमचे नाव. लोकांनी त्याला ‘ब्लॅक अल्बम’ म्हटले आणि तेच रूढ झाले.

त्याआधीच्या आठ वर्षांत या बँडने हेवी मेटलमधले अत्यंत वेगवान आणि अत्यंत गुंतागुंतीचे संगीत करून नाव कमावले होते. या अल्बमात वेग उतरला, गाणी आखूड झाली आणि एकेका गाण्यात ढीगभर सुरावटी गुंफण्याऐवजी एक-दोन सुरावटींवर अख्खे गाणे उभे राहू लागले. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी बँड बाजारू झाल्याचा ठपका ठेवला आणि तो आजही पुरता पुसला गेलेला नाही. बाजारात मालाचा खप झाला, हे खरेच आहे. पण हे सोपे संगीत तयार करायला आधीच्या अवघड संगीतापेक्षा कितीतरी अधिक वेळ, पैसा आणि मनस्ताप लागला. या बदलाच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग तोच आहे.

बँडची सुरुवात १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये झाली. डेन्मार्कहून आलेला ड्रमवादक लार्स उलरिक आणि कॅलिफोर्नियातच वाढलेला गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड हे दोघे संस्थापक. दोघांचाही जन्म १९६३चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये त्या काळी ग्लॅम मेटलची चलती होती : फुगवलेले केस, ओठांना रंग, गुणगुणता येतील अशी ध्रुवपदे. मेटॅलिकाला या सगळ्याचा तिटकारा होता. बास गिटारवादक क्लिफ बर्टन याने बँडमध्ये यायचे तर बँडनेच सॅन फ्रान्सिस्को परिसरात यावे अशी अट घातली, तेव्हा ती मान्य करायला त्यांना फारसे जड गेले नाही. १९८३च्या वसंतात मुख्य गिटारवादक डेव्ह मस्टेन याला काढून टाकण्यात आले आणि ‘एक्सोडस’ या बँडमधला कर्क हॅमेट त्याच्या जागी आला. मस्टेनने पुढे ‘मेगाडेथ’ काढला.

त्याच वर्षी आलेल्या ‘किल एम ऑल’ या पहिल्या अल्बमापासून बँडची रीत ठरली. तिला थ्रॅश मेटल म्हणतात. ब्रिटिश हेवी मेटलची जड गिटार आणि पंकचा वेग यांचा तो मिलाफ होता. या संगीताचा कणा म्हणजे रिफ, गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. हेटफिल्ड उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबत असे आणि बहुतेक आघात खालच्याच दिशेने मारत असे. त्यातून तुटक, ठोसेबाज आणि यंत्रासारखा काटेकोर आवाज निघे. ‘राइड द लायटनिंग’ (१९८४) आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) हे पुढचे दोन अल्बम कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत निर्माता फ्लेमिंग रासमुसेन याच्या साथीने झाले. गाणी लांबत गेली, त्यांत मधले संथ टप्पे आले, केवळ वाद्यांवरच्या मोठ्या रचना आल्या. नवलाची गोष्ट म्हणजे बाजारू झाल्याचा आरोप तेव्हाही झालाच होता. ‘राइड द लायटनिंग’मधल्या ‘फेड टू ब्लॅक’ची सुरुवात साध्या, अविद्युत गिटारने होते, एवढे कारण काही कट्टर चाहत्यांना पुरले. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ तर रेडिओच्या फारशा आधाराशिवाय आणि एकाही व्हिडिओशिवाय अल्बमांच्या अमेरिकी खपाच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

२७ सप्टेंबर १९८६च्या पहाटे स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटली आणि बर्टनचा मृत्यू झाला. स्वरमेळाची जाण असलेला बँडमधला सदस्य प्रामुख्याने तोच होता. त्याच्या जागी ‘फ्लॉट्सम अँड जेट्सम’ या बँडमधला जेसन न्यूस्टेड आला. त्यानंतरचा पूर्ण अल्बम ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ १९८८च्या उन्हाळ्याअखेर प्रसिद्ध झाला.

पुढच्या वळणाचे मूळ याच अल्बमात आहे. नऊ गाणी आणि पासष्ट मिनिटे, म्हणजे सरासरी गाणे सात मिनिटांहून लांब. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचे. मात्रांची मोड सतत बदलते, एक रिफ कानात बसतो न बसतो तोच दुसरा सुरू होतो. ध्वनिमिश्रणात न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. गिटार कोरडी आणि टोकदार, ड्रम टकटक वाजणारे. बुद्धीने रचलेला आणि अंगाला न भिडणारा अल्बम असे त्याचे वर्णन केले तर फार चूक ठरू नये. तरीही तो अमेरिकी यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. याच अल्बमातल्या ‘वन’ या गाण्यासाठी बँडने पहिल्यांदा व्हिडिओ केला. ‘जॉनी गॉट हिज गन’ या युद्धविरोधी चित्रपटातली दृश्ये त्यात होती आणि एमटीव्हीवर तो चांगलाच चालला. १९८९च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉक आणि मेटल गायन-वादनासाठी पहिल्यांदाच पारितोषिक ठेवण्यात आले. ते मेटॅलिकाला मिळणार हे जवळजवळ गृहीत होते. मिळाले मात्र जेथ्रो टल या बासरीप्रधान ब्रिटिश बँडला. संगीत उद्योगाला मेटल किती कळत होते, याचा हा चांगला नमुना.

अल्बमानंतरच्या लांबलचक दौऱ्यात बँडला एक अडचण जाणवू लागली. ही गाणी मंचावर वाजवणे म्हणजे कसरत होती. प्रत्येक वळण लक्षात ठेवायचे, हात चुकू द्यायचे नाहीत आणि समोरचे प्रेक्षक मान डोलवू लागले की ठेका बदलायचा. शीर्षकगीत सुरू असताना पुढच्या रांगांतले लोक जांभया देताना दिसत, असे हॅमेटने नंतर सांगितले आहे. याउलट जुनी, सरळ ठेक्याची गाणी लागली की मैदान हलत असे. त्यामुळे पुढचा अल्बम कसा असावा हे ठरवण्यात रेकॉर्ड कंपनीपेक्षा या प्रेक्षकांचा वाटा मोठा होता, असे म्हणायला जागा आहे. गुंतागुंतीच्या वाटेने जाता येईल तितके बँड गेला होता, त्यापुढे नुसती लांबी वाढली असती.

मेटलमध्ये हे वळण नवे नव्हते. इंग्लंडच्या जुडास प्रीस्टने १९८० साली ‘ब्रिटिश स्टील’मध्ये गाणी आखूड आणि ध्रुवपदे ठसठशीत करून मोठा श्रोतृवर्ग मिळवला होता. डेफ लेपर्डने निर्माता मट लँग याच्या हाताखाली मेटलला थेट पॉपच्या दारात नेले. मेटॅलिकाचे व्यवस्थापन पाहणारी क्यू प्राइम ही कंपनी डेफ लेपर्डचेही काम पाहत असे, म्हणजे मोठ्या खपाचे गणित या घराला अपरिचित नव्हते. मेटॅलिकाच्या बाबतीत वेगळे एवढेच की थ्रॅशच्या गोटातून, इतक्या दूरच्या टोकावरून, मध्याकडे येणारा इतका मोठा बँड त्याआधी झाला नव्हता.

नव्या अल्बमासाठी बँडने ज्याला गाठले त्याचे नाव ऐकून चाहते चक्रावले. बॉब रॉक हा कॅनडातला निर्माता. व्हँकूव्हरच्या लिटल माउंटन स्टुडिओत त्याने बॉन जोव्हीच्या ‘स्लिपरी व्हेन वेट’चे ध्वनिमुद्रण केले होते आणि मॉट्ली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ (१९८९) निर्माता म्हणून घडवला होता. म्हणजे ज्या ग्लॅम मेटलला कंटाळून मेटॅलिकाने लॉस एंजेलिस सोडले, त्याच मंडळींचा हा माणूस. उलरिक आणि हेटफिल्ड यांना ‘डॉक्टर फीलगुड’मधली गाणी नव्हे, पण ड्रमचा भरदार आणि बासचा घुमणारा आवाज हवा होता. त्यांनी रॉकला फक्त ध्वनिमिश्रणासाठी विचारले. रॉकने पूर्ण निर्मितीच करू द्या असे सांगितले. बँडचा मंचावरचा दणका आजवर कुठल्याही अल्बमात उतरलेला नाही, असे त्याचे स्पष्ट मत होते.

६ ऑक्टोबर १९९० रोजी उत्तर हॉलीवूडच्या वन ऑन वन स्टुडिओत काम सुरू झाले. ‘जस्टिस’ही याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता, पण त्याला साधारण तीन-चार महिने लागले होते. आताचे काम १६ जून १९९१पर्यंत चालले आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. ध्वनिमिश्रण पुन्हा पुन्हा करावे लागले.

फरक पहिल्या दिवसापासून कामाच्या पद्धतीत होता. आधीच्या अल्बमांत आधी ड्रम, मग त्यावर हेटफिल्डच्या गिटारचे थर, मग उरलेल्या जागेत बास असे एकेक वाद्य वेगवेगळे ध्वनिमुद्रित होई. रॉकने चौघांना एका खोलीत उभे करून एकत्र वाजवायला लावले. अंतिम ध्वनिमुद्रणात त्या वादनातला प्रत्येक भाग राहिला असे नाही, पण ड्रमला समोर माणसे वाजवत असल्याची जाण आली. बासने गिटारची नक्कल करण्याऐवजी ड्रमच्या जोडीने चालावे, असा त्याचा आग्रह होता. न्यूस्टेड बँडमध्ये येऊन चार वर्षे झाली होती. त्याचे वादन लोकांच्या कानांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचले ते आत्ता.

रॉकच्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांनीही बराच फरक पडला. बहुतेक सगळी गाणी एकाच स्वरावर, ‘ई’वर, का बांधली आहेत असे त्याने विचारले. तो गिटारचा सर्वांत खालचा स्वर, म्हणून, असे उत्तर मिळाले. तारा आणखी उतरवता येतात, मॉट्ली क्रूने तसे केले आहे, हे रॉकने दाखवून दिले. तारा एका पूर्ण स्वराने उतरवल्या गेल्या आणि ‘सॅड बट ट्रू’ला त्याचा जडशीळ, रेंगाळत पडणारा ठेका मिळाला. मेटॅलिकाने तारा त्याआधी कधी उतरवल्याच नव्हत्या असे नाही, पण त्याचा असा परिणाम साधला नव्हता. वेग कमी केल्याने संगीत हलके होत नाही, उलट आघातांमधली मोकळी जागा त्याचे वजन वाढवते, हे या गाण्यात सर्वांत स्पष्ट कळते.

अल्बमाचे पहिले गाणे ‘एंटर सँडमन’ या सगळ्या पद्धतीचा नमुनाच ठरावे. त्याची मूळ सुरावट हॅमेटला एका रात्री सुचली. सिअॅटलच्या साउंडगार्डन या बँडचे संगीत तो तेव्हा ऐकत होता. उलरिकने तिचा पहिला तुकडा सलग तीनदा वाजवून मगच शेपूट जोडायला सांगितले. सगळे गाणे या एका सुरावटीच्या आधारावर रचले गेले. दोन वर्षांपूर्वीच्या मेटॅलिकाने तिच्यापाठोपाठ आणखी पाच सुरावटी जोडल्या असत्या. गाण्याची चाल सर्वांत आधी ठरली आणि शब्द सर्वांत शेवटी आले. हेटफिल्डचे पहिले शब्द पाळण्यातल्या बाळाच्या अकस्मात मृत्यूविषयी होते. उलरिक आणि रॉक यांनी ते परत लिहायला सांगितले. शब्दांच्या बाबतीत हेटफिल्डला असे कुणी आजवर सांगितले नव्हते. तो चिडला, पण त्याने लिहिले. नव्या शब्दांत मूल झोपण्यापूर्वीची भीती आहे आणि गाणे अंगाईच्या उलट दिशेने जाते.

ऐकायला हे गाणे सुटसुटीत. पण ड्रमचे अंतिम वादन सुमारे पन्नास वेळा वाजवलेल्यांतून निवडक तुकडे जोडून तयार झाले आहे आणि एकच गिटार वाटते तिथे हेटफिल्डने तेच वादन एकावर एक असे तीनदा रचले आहे. ही मेहनत जाणवू नये यासाठीच ती घेतलेली होती. कोणते गाणे आधी प्रसिद्ध करायचे यावरही वाद झाला. रॉकला ‘होलिअर दॅन दाऊ’ हे जुन्या वळणाचे, वेगवान गाणे योग्य वाटत होते; उलरिकने ‘एंटर सँडमन’चा हट्ट धरला. पुढच्या घडामोडी पाहता उलरिकचा कान बरोबर होता असेच म्हणावे लागते.

हेटफिल्डच्या आवाजात झालेला बदल त्याहून खोल होता. थ्रॅशमध्ये गायक ओरडतो आणि ते ओरडणे तालवाद्यासारखे असते. आता त्याला सुरात गायचे होते. ध्वनिमुद्रणाच्या काळातच त्याचा आवाज बसला आणि त्याला गायनशिक्षकाकडे जाऊन आवाज लावण्याची शिस्त शिकावी लागली. ‘द अनफरगिव्हन’मध्ये याचा परिणाम दिसतो. मेटलच्या संथ गाण्यांचा नेम असा की अंतरा हळुवार आणि ध्रुवपद गडगडाटी. इथे उलट केले आहे : अंतरा जड आणि ध्रुवपदाला आवाज खाली येऊन एकटा पडतो.

‘नथिंग एल्स मॅटर्स’चा जन्म तर बँडसाठी झालाच नव्हता. हेटफिल्ड प्रेयसीशी फोनवर बोलत असताना एका हातात फोन होता, म्हणून दुसऱ्या हाताने मोकळ्या तारा छेडत होता. तिथून गाण्याची सुरुवात झाली. ते खाजगी आहे, मेटॅलिकाचे नाही, असे त्याला वाटत होते. इतरांनी, विशेषतः उलरिकने, ते अल्बमात घेण्यासाठी त्याला राजी केले. त्यावर मायकेल केमेन याने वाद्यवृंदाची बाजू रचली, पण अंतिम मिश्रणात ती दबकीच ठेवण्यात आली. केमेनशी जुळलेला हा धागा पुढे वाढला आणि १९९९च्या एप्रिलमध्ये बर्कलीत सॅन फ्रान्सिस्को सिंफनी आणि मेटॅलिका यांचे एकत्र कार्यक्रम झाले. मेटलचा गायक प्रेमगीत गातो ही गोष्ट १९९१ साली काहींना न पचणारी होती. लग्नाच्या मांडवात वाजणारे मेटॅलिकाचे गाणे कुठले, याचे उत्तर जगभर बहुधा हेच मिळते.

शब्दांचा विषयही आत वळला. ‘जस्टिस’मध्ये न्यायव्यवस्था, युद्ध, सेन्सॉरशिप, पर्यावरण असे मोठे सामाजिक विषय होते. काळ्या अल्बमात ‘द गॉड दॅट फेल्ड’ हे गाणे हेटफिल्डच्या आईच्या मृत्यूविषयी आहे. ती ख्रिश्चन सायन्स पंथाची होती. हा पंथ औषधोपचारापेक्षा प्रार्थनेवर भर देतो. ती कर्करोगाने गेली तेव्हा हेटफिल्ड सोळा वर्षांचा होता. राजकीय म्हणावे असे गाणे ‘डोन्ट ट्रेड ऑन मी’. वेष्टणावरच्या सापाचे आणि या शीर्षकाचे मूळ एकच, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला गॅड्सडेन ध्वज. गाण्याच्या सुरुवातीला लिओनार्ड बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या ‘अमेरिका’ची सुरावट येते. आखाती युद्ध नुकतेच संपले असताना हे देशाभिमानी गाणे आले आणि आदल्या अल्बमावर वाढलेल्या श्रोत्यांना ते बुचकळ्यात टाकणारे वाटले. ‘व्हेअरेव्हर आय मे रोम’ची सुरुवात इलेक्ट्रिक सतारीने होते, भारतीय कानाला ती सतारीपेक्षा सतारीची दूरची आठवण वाटेल, पण फिरस्त्याच्या गाण्याला ती शोभते.

या आठ महिन्यांत स्टुडिओतले वातावरण काही बरे नव्हते. रॉक आणि उलरिक-हेटफिल्ड यांच्यात रोज खटके उडत. चौघांपैकी तिघांचे, उलरिक, हॅमेट आणि न्यूस्टेड यांचे, संसार याच काळात मोडले. चित्रीकरण करणारा एक चमू बँडच्या मागे फिरत होता. त्यातून १९९२ साली अॅडम डुबिन दिग्दर्शित दीर्घ माहितीपट निघाला. पुन्हा एकमेकांसोबत काम करायचे नाही असे दोन्ही बाजूंनी मनाशी ठरवले होते. (पुढची बारा वर्षे त्यांनी एकत्रच काम केले.)

अल्बम बाजारात येण्याआधी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चाहत्यांना तो फुकट ऐकवण्यात आला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत जवळपास सहा लाख प्रती विकल्या गेल्या आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. चार आठवडे तिथेच राहिला. या यशामागे मोजणीतला एक बदलही होता. मे १९९१पर्यंत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची खपाची यादी दुकानदारांनी फोनवर दिलेल्या अंदाजांवर बने. त्यानंतर साउंडस्कॅन या यंत्रणेने बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात केली. दुकानदारांच्या अंदाजात मेटल आणि कंट्री संगीताला कमी लेखले जात होते, हे लगेच उघड झाले. जूनमध्ये स्किड रोचा जड वाजणारा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला होता. मेटॅलिकाचे श्रोते एका रात्रीत वाढले नव्हते. त्यांतले पुष्कळ आधीही होते, फक्त कुणी नीट मोजले नव्हते.

‘एंटर सँडमन’ अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यापाठोपाठ आणखी चार गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्यात आली. आठवड्यांत संपणारा अल्बम नव्हे, वर्षानुवर्षे हळूहळू विकला जाणारा अल्बम ही त्याची खरी ओळख ठरली. २०१४ साली साउंडस्कॅनच्या मोजणीत अमेरिकेत १ कोटी ६० लाख प्रतींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अल्बम ठरला.

दौरा जवळजवळ दोन वर्षे चालला. मंच हिऱ्याच्या आकाराचा आणि मधोमध पोकळ होता; त्या पोकळीत काही चाहते उभे राहत आणि बँड त्यांच्याभोवती वाजवत असे. सप्टेंबर १९९१मध्ये मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर एसी/डीसी आणि पँटेरा यांच्यासोबत फुकट कार्यक्रम झाला. सोव्हिएत संघातला ऑगस्टचा बंडाचा प्रयत्न फसून जेमतेम महिना झाला होता आणि मैदानात लाखोंची गर्दी लोटली. १९९२च्या उन्हाळ्यात गन्स एन’ रोझेससोबतच्या दौऱ्यात, ८ ऑगस्टला माँट्रियलमध्ये, मंचावरच्या शोभेच्या ज्वाळांत हेटफिल्डचा हात गंभीर भाजला. त्या रात्री नंतर गन्स एन’ रोझेसनेही वादन अर्ध्यावर सोडले आणि दंगल उसळली. १९९३च्या एप्रिलमध्ये जकार्तातही मैदानाबाहेर दंगल झाली.

या यशाचे पडसाद थ्रॅशच्या बाकीच्या मंडळींत लगेच उमटले. मस्टेनच्या मेगाडेथने १९९२च्या जुलैत आखूड, सुटसुटीत गाण्यांचा ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ आणला. तो अमेरिकी यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. ब्राझीलच्या सेपुल्तुराने १९९३च्या ‘केऑस ए.डी.’मध्ये वेग कमी करून ठेक्यावर भर दिला. पँटेराने वेगापेक्षा जडपणाचा मार्ग धरला आणि १९९४ साली पहिला क्रमांक गाठला. स्लेअर आपल्या वाटेवर बहुतांशी टिकून राहिले आणि कट्टर चाहत्यांनी त्याचे श्रेय त्यांना भरभरून दिले. ज्या ग्लॅम मेटलचा निर्माता मेटॅलिकाने उचलला, ते ग्लॅम मेटल मात्र वर्षभरात ओसरले. सप्टेंबर १९९१मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि रेडिओ-टीव्हीची आवड सिअॅटलकडे वळली. काळ्या वेष्टणाचा, रंगरंगोटी नसलेला, भीती आणि अपराधभाव यांविषयी गाणारा मेटॅलिका या नव्या हवेत उपरा वाटला नाही. त्याच्या दीर्घ आयुष्याचे एक कारण तेही आहे.

१९९६ साली ‘लोड’ आला तेव्हा मेटॅलिका थ्रॅशपासून बरेच दूर गेले होते. ब्लूज आणि सदर्न रॉक यांचा रंग, केस कापलेले चार पुरुष, डोळ्यांत काजळ घातलेल्या त्यांची अँटन कॉर्बाइनने टिपलेली छायाचित्रे. त्याच वर्षी पर्यायी रॉकचा मेळा असलेल्या लोलापलूझामध्ये त्यांना प्रमुख स्थान मिळाले, तेव्हा मेळ्याचा संस्थापक पेरी फॅरेल यालाही ते रुचले नाही. १९९७च्या ‘रीलोड’ने तीच वाट पुढे चालवली. या दोन अल्बमांमुळे काळ्या अल्बमावरचा जुना राग बराचसा निवळला, कारण तुलनेने तो आता पुरेसा जड वाटू लागला होता. २००३च्या ‘सेंट अँगर’नंतर रॉकची साथ सुटली आणि २००८ साली रिक रुबिनच्या निर्मितीखाली ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये लांब, वळणावळणाची गाणी परतली.

दरम्यान ‘एंटर सँडमन’ संगीताबाहेर गेले होते. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा गोलंदाज मारिआनो रिव्हेरा १९९९पासून याच गाण्यावर मैदानात उतरू लागला आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या प्रवेशालाही ते लागू लागले. भारतात या काळात संगीताची दारे उपग्रह वाहिन्यांनी उघडली. १९९१ साली स्टारच्या माध्यमातून एमटीव्ही इथल्या घरांत पोहोचू लागले, नेमके त्याच वर्षी हा अल्बम आला. बँड प्रत्यक्ष यायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. ऑक्टोबर २०११मध्ये गुडगावचा कार्यक्रम गर्दी आवरेना म्हणून रद्द झाला, चिडलेल्या प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम पार पडला.

अल्बमाला तीस वर्षे झाल्यावर, सप्टेंबर २०२१मध्ये, ‘द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट’ प्रसिद्ध झाला. जगभरच्या ५३ कलाकारांनी आणि बँडांनी काळ्या अल्बमातली बारा गाणी आपापल्या पद्धतीने गायली आणि मिळकत दानासाठी ठेवण्यात आली. एकेका गाण्याची अनेक रूपे त्यात आहेत. पॉप, कंट्री, रॅप, जॅझ, लॅटिन अशा वेगवेगळ्या घराण्यांतल्या लोकांना हे संगीत हाताळता आले, याचे कारण गाण्यांचा सांगाडा साधा होता. ‘जस्टिस’मधल्या गाण्यांवर असा प्रयोग करणे फार कठीण गेले असते. मुंबईकडून त्यात ‘द अनफरगिव्हन’ आहे. ते विशाल ददलानी, रॅपर डिव्हाइन आणि शोर पोलीस यांनी मिळून सादर केले.